उंबरठा नको

हिंगोली,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
धाकट्या वैजनाथचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. डोंगरकड्याला थंडी कशी आहे? हळद काढायला आली असेल. दाजी उद्या ट्रॅक्टरच्या कामाला हिंगोलीत येणार आहेत, त्यांच्या हातात हे पाकीट देतो. चिकटवून देतो. आधी तू एकटी वाच, मग त्यांना द्यायचं का ते तू ठरव.

तुला वाटेल, हातात फोन असताना याला पत्र काहून सुचलं. फोनवर तू पहिल्याच वाक्याला 'कसा आहेस रे' विचारतेस, मी 'बरा आहे' म्हणून टाकतो, आणि मग पुढचं सगळं तोंडातच राहतं.

आधी घराचं सांगतो. बायपासकडच्या प्लॉटवर चुन्याची फक्की मारून आखणी झाली, पण करारनाम्यावर सही होत नव्हती. ठेकेदार शंकरसिंग राठोड. त्यानं बांधलेली दोन घरं मी आणि साधना पाहून आलो होतो, भिंतीला कुठं भेग नाही. काळ्या मातीत पाया कसा धरायचा हे त्याला कळतं. तरी त्याच्याशी माझी रोज झकाझकी.

तो म्हणे जोतं तीन फूट पाहिजे. गल्लीचा रस्ता दरवेळी नवा थर टाकून उंच करतात, उद्या नालीचं पाणी घरात येईल. खरंच आहे ते. पण मी म्हणालो, दीड फूट. तो म्हणाला, दारापुढं पायऱ्या. मी म्हणालो, पायरी एकही नको, उतार कर.

"सर, उताराला लांबी लागते. गेटपासून दारापर्यंत सगळी जागा त्यातच जाईल. गाडी कुठं लावता, गच्चीवर?"

संडास-बाथरूमचं दार त्यानं अडीच फुटांचं धरलं होतं. मी सव्वातीन सांगितलं. "त्यातून म्हैस जाते सर," म्हणाला. आणि उंबरठा नको म्हणालो तेव्हा तर त्यानं हातातला टेपच गुंडाळून ठेवला. "बिनउंबरठ्याचं घर आमी आजवर बांधलं न्हाई. वहिनी हळदकुंकू कुठं वाहतील?"

साधनाचं तर विचारूच नको. तिनं माझ्या वर्गातल्या आलेखाच्या कागदावर नकाशा काढला होता. वरच्या मजल्यावर आमची खोली, पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीत शिलाई मशीन. इतकी वर्षं भाड्याच्या घरात ती मशीन न्हाणीच्या बाजूला अंधारात ठेवून बसली. मी पेन घेतला आणि ती खोलीच खोडली. सगळं खालीच पाहिजे म्हणालो. काहून, ते सांगितलं नाही.

तिनं कागद स्वतःकडं ओढून घेतला. मग म्हणाली, "तुमाला घर बांधायचं न्हाई. दवाखाना बांधायचा हाय."

मी पाणी प्यायला उठलो. उठलो म्हणजे खुर्चीचे दोन्ही हात धरून, आधी पुढं वाकून, मग उठलो.

हे वाक्य लिहून मी गॅलरीत जाऊन आलो. बसवत नाही आणि चालवतही नाही. आठ दिवसांपासून असंच चाललंय, घास तोंडात असताना वाटतं बाहेर जावं, बाहेर गेलो की वाटतं घरी जावं. साधना दोनदा विचारून गेली, झालं का लिहून.

गेल्या रविवारी शंकरसिंगनं मला प्लॉटवर बोलावलं. कोपऱ्याची खुंटी शेजाऱ्याच्या हद्दीत जाते का, ते दोरी धरून बघायचं होतं. मी खाली बसलो. पाहिलं. आणि मग उठता येईना. धरायला जवळ काही नव्हतं. मी हात जमिनीला टेकले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहिलो. वळून बघतो तर शंकरसिंग दोरीचं दुसरं टोक धरून माझ्याकडंच पाहत उभा.

"कधीपासून हाय सर हे?"

"काय?"

"मला येडं समजू नका. उतार, रुंद दार, बाथरूमच्या भिंतीला दांडे. मला वाटत होतं तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस येऊन राहिलं." मग म्हणाला, "वहिनीला माहीत हाय?"

मी दोरी गुंडाळायला लागलो.

"मग तुमच्या एकट्याची सही मी घेत न्हाई. करारावर दोघांची पाहिजे. उद्या त्या म्हणतील, शंकरसिंगनं ह्यांचं ऐकून माझं घर बिघडवलं. अन् ते बराबरच ऱ्हाईल."

मला राग आला. दुसरा ठेकेदार बघतो म्हणालो. "बघा," तो म्हणाला, "पण त्यालाबी कारण सांगावं लागंल ना सर."

आक्का, आता सांगतो. श्रावणात शाळेच्या जिन्यावर मी पडलो. पाय घसरला असं सगळ्यांना सांगितलं, पण घसरला नव्हता, पायानं मला उचललंच नाही. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात पोचेना, म्हणून मी मधूनच लिहायला लागलो. मुख्याध्यापकांना गुडघ्याचं कारण सांगून खालचा वर्ग मागून घेतला. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. साधनाला प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं आणि एकटाच जाऊन आलो.

मांड्यांच्या आणि खांद्यांच्या स्नायूंची ताकद हळूहळू जाते, असा तो आजार. जिवाला लगेच धोका नाही. व्यायाम आहे, औषध असं नाही. पुढं सरकायला त्याला वर्षं लागतात, पण मागं येत नाही. मी घर बांधतोय म्हणालो, तर डॉक्टर म्हणाले, "मग चाकाची खुर्ची फिरेल असंच बांधा." इतक्या साधेपणानं म्हणाले, जसं काही खिडक्यांना जाळ्या बसवा.

गुरुवारी संध्याकाळी साधनाला प्लॉटवर घेऊन गेलो. चुन्याच्या रेघांमध्ये उभं करून तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हैदराबादला एकटे गेले तुमी? तिथं तुमाला कुणी पाणी तरी विचारलं का?" आणि मग इतकी चिडली की गाडीवर मागं न बसता रस्त्यापर्यंत पुढं पुढं चालत गेली. मी हळू गाडी चालवत मागं. लोक बघत होते. शेवटी बसली, पण घर येईपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मग जिना चढताना मात्र मागून पाठीला तिचा तळहात लागला. वर पोचेपर्यंत तो तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी मला न विचारता ती शंकरसिंगकडं गेली. मी महिनाभरात जे करू शकलो नाही ते तिनं दुपारपर्यंत केलं. जोतं दोन फूट. उतार कुंपणाच्या भिंतीला लागून, एक वळण घेऊन, म्हणजे गाडीला जागा उरते. दिव्यांची बटणं बसल्या माणसाचा हात पोचेल इतकी खाली. उंबरठ्याच्या जागी फरशीत सपाट पितळी पट्टी. "लक्ष्मीला तेवढ्यानं चालतं, तिला काही अडचण न्हाई," असं ती शंकरसिंगला म्हणाली म्हणे. जिना बाहेरून काढायला लावला आणि वरची खोली नकाशात परत आणली.

मी म्हणालो, "वर मला कधी येता येणार?"

"मी जाईन ना. खिडकीतून काय दिसतं ते खाली येऊन सांगीन."

काल सही झाली. शंकरसिंगनं करारनामा आम्हा दोघांना मोठ्यानं वाचून दाखवला. वाचता वाचता खाली दोन खोल्या आल्या आणि दोन्हींची दारं सव्वातीन फुटांची. मला वाटलं टाइप करणाऱ्यानं चूक केली. मी साधनाकडं बघितलं.

"चूक न्हाई," ती म्हणाली. "दुसरी खोली आक्कांची."

आक्का, इथपर्यंत यायलाच मला एवढी पानं लागली. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला? मी वडिलांचं, म्हणजे आबांचं सांगितलं. आपण त्याला वात म्हणायचो. आबा भिंतीला हात लावत चालायचे आणि शेवटी खाटेवरच राहिले. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं. भावंडं किती? मी म्हणालो, एक बहीण, ती ठणठणीत आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं.

भाऊबीजेला मी पाटावर होतो, तू समोर खाली बसून ओवाळलंस. ओवाळून झालं तरी आपण उठलो नाही. तू आईच्या आठवणी काढल्यास, मी हो हो करत राहिलो, ताटातलं निरांजन विझलं तरी आपण बसूनच. मी तुझ्या उठायची वाट पाहत होतो, म्हणजे तू गेल्यावर मला कसंही उठता आलं असतं. तू माझ्या उठायची वाट पाहत होतीस. साधना स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. शेवटी तू मला पाणी आणायला आत पाठवलंस, मी पाट भिंतीकडं सरकवून कसाबसा उठलो, आणि मी आत गेल्यावर तू हात टेकून, मग गुडघे, मग मांड्या धरून उठलीस. साधनानं ते पाहिलं आणि तिला ते तेव्हा कळलं नाही. गुरुवारी कळलं. मला मात्र त्याच दिवशी कळलं होतं. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं.

असेलच असं नाही. अर्धी शक्यता नसण्याचीही आहे, असं डॉक्टर म्हणतात. तपासल्याशिवाय कळत नाही.

मला माहीत आहे दिपाच्या सोयरिकीचं बोलणं चालू आहे. असली गोष्ट गावात फुटली तर काय होईल, हे मलाही कळतं. म्हणून तर आठ दिवस मी हे पत्र लिहायला बसतो आणि उठतो. लिहू नये असंही वाटलं. पण उद्या दिपा कुठल्याशा जिन्यात पडली आणि तिनं मला विचारलं, मामा, तुला माहीत होतं का, तर मी काय सांगू? तिला आता सांगायचं की आधी तुझी तपासणी होऊ द्यायची, ते तू ठरव. तू आई आहेस. मी फक्त तुला सांगितल्याशिवाय राहू शकत नव्हतो.

पुढच्या सोमवारी, सत्तावीस तारखेला, मी नांदेडला डॉक्टरांकडं जातोय. साधना सोबत आहे. भाड्याची जीप केली आहे, ती डोंगरकड्यावरून नेतो. दारात थांबेन, हॉर्न वाजवणार नाही. यायचं असेल तर ये, नसेल यायचं तर चहा पिऊन आम्ही पुढं जाऊ, आणि त्या विषयावर मी पुन्हा बोलणार नाही.

तोपर्यंत खाली बसलीस तर उठताना कुणाचा तरी हात धर. दाजींचा धर. मी आता साधनाचा धरतो. पहिल्या दिवशी लाज वाटते, दुसऱ्या दिवशी कमी वाटते.

तुझाच,
वैजनाथ