चार मुठींची रापण

प्रिय डायलन,

फोन उचलायचाच नाही असं तू ठरवलं आहेस, तर घे, पत्र वाच. मध्येच कट करता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण. आधी बातमी सांगते: आपल्या घराचा माळा रिकामा झाला! तुझे न विकलेले सगळे खोके गेले. भंगारवाल्याकडे नाही रे, लोक मागून मागून घेऊन गेले. हे कसं घडलं ते सांगते, पण आधी तुझी खरडपट्टी काढणार आहे. थोरल्या बहिणीचा तेवढा हक्क आहे.

दोन नाताळ तू घरी आला नाहीस. तुझा ‘रापण’ हा गेमिंग कन्सोल चालला नाही म्हणून पुण्यात तोंड लपवून बसलास. ‘रापण’ का बुडाली यावर तुझ्या भागीदारांनी केवढा काथ्याकूट केला! कुणी म्हणालं महाग होता, कुणी म्हणालं मोबाईलवर फुकट खेळ असताना हा घेणार कोण, कुणी म्हणालं खेळच कमी होते. सगळं खरं. पण मग प्रदर्शनात तुझ्या स्टॉलपुढे रांगा का लागल्या? बक्षीस का मिळालं? अरे, प्रदर्शनात गर्दी असते! दोऱ्यांना बांधलेल्या चार मुठी चार माणसांनी धरल्याशिवाय तुझा खेळ सुरूच होत नाही, आणि तिथे चार माणसं चुटकीसरशी मिळाली. तू तो तपासून पाहिलास तोही मे महिन्यात, आपल्याच घरापुढच्या खळ्यात, अख्खी वाडी गोळा करून. आणि विकायला ठेवलास कुठे, तर एक विक्रेता आणि एक गिऱ्हाईक अशा दुकानात. त्या बिचाऱ्याने तो दाखवायचा कसा, रखवालदाराला आणि चहावाल्याला हाका मारून? कुणी हौसेने घरी नेला तर फ्लॅटमध्ये पोर एकटं, आईबाप रात्री येणार. पडद्यावर तुझी अक्षरं विचारतायत, ‘अजून कोण आसा?’ कोणी नाही रे बाबा! खोके परत आले यात नवल ते काय.

ही चूक दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. त्यासाठी रापणकराच्या पोटी जन्माला यावं लागतं. आठवतं, होडी समुद्रात जाळं टाकून आली की पपा किनाऱ्यावरून हाक मारायचे आणि आपण दप्तरं वाळूत टाकून दोराला जाऊन भिडायचो? शेजारी असो, पाहुणा असो, ज्याचा हात दोराला लागला त्याला जाळ्यातल्या तारल्यांचा वाटा मिळायचा. तुला वाटलं, सगळं जग असंच असतं. मला तुझ्या या वेडेपणाचा फार अभिमान आहे, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. विमलाकाकीच्या होमस्टेच्या चारही खोल्या भरलेल्या, मोबाईलला रेंज नाही, पोरांची किरकिर आणि मोठ्यांची त्याहून जास्त. काकी धावत आली, ‘डोरथी, तुझ्या भावाचो तो खोको हाड गो!’ मी नेऊन जोडला. कोल्हापूरचं नवं जोडपं बसलं, पण ती दोघंच. मग सांगलीचे एक आजोबा आणि त्यांची नात येऊन बसली. एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं ‘ओढा, ओढा’ करून ओरडत होती. जेवणातलं माशाचं कालवण गार झालं तरी कुणी उठेना. मग शेजारच्या होमस्टेवाल्यांनी मागितला, मग तारकर्लीच्या, मग थेट कुणकेश्वरहून माणूस आला. नाताळाच्या आत माळा मोकळा, आणि आता पपांनी तिथे नारळ भरलेत.

आता तुझी लबाडी. ‘रापण’ विकत घ्यायला निघालेल्या कंपनीला तू लिहून दिलंस की एकट्याने खेळता येईल असा बदल करून देतो. मला कसं कळलं? त्यांचा माणूस, सुशांत, माल बघायला इथे आला होता. माल संपलेला, मग मी त्याला विमलाकाकीकडेच उतरवला. मुद्दाम! त्याने खोलीत दार लावून काकीकडचा खोका जोडला. थोड्या वेळाने खोका काखेत मारून व्हरांड्यात आला आणि लाजत म्हणाला, कुणी येता का? काकी बसली, मी बसले. चौथी मूठ पपांनी धरली. हो, पपांनी! इतके दिवस ज्यांनी त्या खोक्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते दुसऱ्या मिनिटाला त्या साहेबावर खेकसले, ‘दोर ढिलो सोडू नको रे!’ सुशांतने एकट्याच्या बदलाचा विषय काढला तेव्हा पपा मूठ न सोडता म्हणाले, ‘एकटो रापण वडणारो खंय गावलो तर माका दाखय.’ सकाळी घावणे खाताना तो मला म्हणाला, यंत्राला हात लावायचा नाही, फक्त विकायची जागा बदलायची. होमस्टे, वसतिगृहं, जिथे माणसं जमतात तिथे.

म्हणून हे पत्र. सोमवारी सुशांत तुला हेच सांगायला फोन करणार आहे. तो उचल, आणि घाबरून स्वतःहून ‘एकट्याचंही करून देतो’ असं कबूल करू नकोस. तू जिंकला आहेस, डायलन! आणि मग घरी ये. सुशांत गेल्यावर पपांनीच तारकर्लीहून एक खोका परत मागून आणला, आपल्या टीव्हीला जोडून ठेवलाय. रोज संध्याकाळी पपा, मी आणि विमलाकाकी मुठी धरून बसतो. शेजारून कुणाला तरी बोलावते म्हटलं तर पपा नको म्हणतात. पडद्यावर येतं, ‘अजून कोण आसा?’ आणि पपा त्या टीव्हीला रोज मोठ्याने उत्तर देतात, ‘माझो झील पुण्याक आसा. येतलो.’

तुझीच, चौथी मूठ पुसून ठेवणारी,
डोरथी