मोरीचा दगड

मी मुरिची, वय एकसष्ट, धंदा पाथरवट, राहणार नदीकाठच्या गडाखाली, राज्य सध्या सिल्लाचे, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. खोकल्यातून रक्त पडते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून विहारातले भंते ह्येगाम लाकडी पट्ट्यांवर लिहीत आहेत. मी मेल्यावर हे गडाच्या दारात वाचावे, आधी नाही.

'सध्या' म्हटल्यावर भंतेंचा हात थांबला. "ते 'सध्या' काढू का, मुरिचीबाबा? किल्लेदार ऐकणार आहे." मी म्हटले, राहू द्या. मी जन्मलो तेव्हा इथे गोगुर्योचा अंमल होता. माझ्या चाळिशीनंतर बेकजेवाले आले, दोन वर्षांत त्यांना हाकलून सिल्लावाले आले. घर मी एकदाही बदललेले नाही. तिघांसाठी त्याच टेकडीवर भिंती रचल्या, बहुतेक त्याच दगडांच्या.

राळ्याचे शेत विहाराला द्यावे. शेजारी उल्दाम दर वेळी राजा बदलला की बांध सरकवतो. तीन फौजांना जेवढी जमीन जिंकता आली नाही तेवढी त्याने एका कुदळीने जिंकली. बांध आता आहे तिथेच राहू द्यावा, पण माझ्या मयताच्या जेवणाला त्याला बोलावू नये. आंबवलेल्या सोयाबीनचा रांजण मात्र त्याच्या बायकोला द्यावा. माझी बायको आजारी असताना तिने वर्षभर पेज आणून दिली, आणि उल्दाम पदरी पडला एवढा भोग तिला पुरे आहे.

घर, छिन्न्या, हातोडे आणि पहार मुकादम चिल्पूच्या बायकोला, सोबीला द्यावे. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

गोगुर्योवाले माघारी गेले तेव्हा गावातली तरणी पोरे धरून घेऊन गेले. त्यांत माझा एकुलता एक मुलगा नोगा होता, एकोणीस वर्षांचा. पुढे सिल्लासाठी भिंत बांधायची वेळ आली. भिंतीत पाण्याची मोरी ठेवावी लागते. ती तुंबली तर बाहेरून साफ करता यावी म्हणून एक दगड पाचर न ठोकता नुसता बसवायचा, ही आमच्या घरची रीत. बापाने मला शिकवली, मी नोगाला. सिल्लावाल्यांना ती मान्य नव्हती. त्यांची शपथ कडक असते. तीन वर्षांत भिंतीने दगा दिला तर बांधणाऱ्याने शिक्षा भोगायची, आणि नावे दगडावर कोरायची. आमच्या टप्प्यावर चिल्पूचे नाव वर होते, माझे खाली.

चिल्पूने विचारले होते, "मोरीच्या दगडाला पाचर मारलीस ना रे?"

"मारली," मी म्हणालो. मारली नव्हती. नोगा परत आला तर दरवाजातून येऊ शकणार नाही, एवढे मला कळत होते.

गेल्या साली, तीन वर्षे भरायला बारा दिवस असताना, गोगुर्योची टोळी तो दगड काढून मोरीतून शिरली. एकवीस पहारेकरी मेले. टोळीतला जो सर्वांत पुढे होता तो मोरीच्या तोंडाशीच पडला. सकाळी किल्लेदाराने आम्हाला उभे करून विचारले, "याला कोणी ओळखतं?" मी नोगाच्या तोंडाकडे पाहिले आणि नाही म्हणालो. मग मोरी कोणी बांधली, असे विचारले. चिल्पूने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "मुकादम मी आहे. नाव माझंच वर आहे."

त्याचे डोके उडवले. दगडावरचे त्याचे नाव तासून काढायचे काम मला सांगितले, आणि मी ते केले.

नोगाला कुठे पुरले हे मला ठाऊक नाही. विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. त्या दगडाला आता पाचर मारावी. त्या वाटेने यायचे माझे कोणी उरलेले नाही.

साक्षीसाठी सोबीला बोलावले. भंतेंनी तिला सगळे वाचून दाखवले. भंते म्हणाले, "इथे बोट टेकव, बाई."

"हे मेल्यावर वाचायचं?"

"हो."

"मेल्यावर कोण कोणाला भितं, भाऊजी?" ती मला म्हणाली. "घर तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. मला त्यांचं नाव परत दगडावर हवंय. तुम्ही तासलंत, तुम्हीच कोरा, श्वास आहे तोवर. उठा. चालवत नसेल तर पाठीवर घेऊन जाते."

तिने मला पाठीवर घेतले. हातोडा आणि छिन्नी भंतेंनी घेतली.

दुरुस्ती: वरचे 'मी मेल्यावर' आणि 'आधी नाही' हे शब्द भंतेंनी चाकूने खरवडून काढले आहेत.

स्थळ: 'माझे घर' हे खरवडले. गडाचा दरवाजा.
सापाचे वर्ष, नववा महिना, सातवा दिवस, सकाळ.

मुरिची, पाथरवट. बोटाची खूण.
साक्षीदार: ह्येगाम, भिक्खू.
साक्षीदार: सोबी, मुकादम चिल्पूची बायको. खूण किल्लेदारासमोर केली.