माझ्या आणि गंगाच्या पायांबद्दल

मी, सौ. सगुणा महिपत मयेकर, वय ६३, धंदा मासळीविक्री, राहणार मालगुंड, ता. व जि. रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. मन स्थिर आहे असं लिहायची पद्धत आहे. ते गेल्या मंगळवारपासून स्थिर नाही, पण बुद्धी शाबूत आहे.

१. समुद्राकडचं घर माझ्या कमाईचं आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगी गंगा हिला द्यावं. यजमान हयात असेतो तिथेच राहतील. बोलायच्या वेळी ते गप्प बसले, तरी त्यांना कोणी ऊठ म्हणू नये.

२. हापूसची आठ कलमं मुलगा ओमकार याला. आंबे खायला मुंबईहून येतोच, आता खत घालायलाही येईल.

३. विळी आणि मासळीच्या पाट्या शकूला. बाजारात ती तीस वर्षं माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पायांवर एकदाही बोलली नाही.

४. सासूबाई कै. येसूबाई. मेलेल्या माणसाला काही देता येत नाही असं वकील म्हणाले, तरी लिहिते. लग्नानंतर माझे पाय जाड होत गेले, तेव्हा त्या माझा भात वाटीने मोजायच्या. "चोरून काय खातेस गो?" हे रोज ऐकलं. कोणी हत्तीरोगाच्या गोळ्या दिल्या. सोमवार, संकष्टी, एकादशी, सगळं धरलं. कंबर उतरली, पाय तसेच.

मंगळवारी रत्नागिरीला डॉ. अक्षया यांनी पोटरी दाबली तशी मी कळवळले. त्यांनी विचारलं, "मावशी, जोडवी कधी बदललीत?" म्हटलं, लग्नातलीच आहेत. ती बोटात सहज फिरत होती. हत्तीरोगात पाऊलही सुजतं. माझी चरबी घोट्याशी थांबलेली. दोन्ही पाय सारखे, दुखरे, जरा लागलं की काळेनिळे. याला लिपिडीमा म्हणतात आणि तो पुष्कळदा ओळखूच येत नाही.

"उपासाने ही चरबी जात नाही. तुमची चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "घरात आणखी कोणाचे पाय असे आहेत?"

मी गंगाचं नाव सांगितलं.

५. गंगाला तेराव्या वर्षी हेच झालं. तिचा भात मी मोजला. खाऊच्या डब्याला कुलूप लावलं, शेजारणींसमोर तिला चोर म्हटलं. "आये, पाय ठणकतात गो," म्हणायची, तर मी म्हणायचे, खाणं कमी कर. गंगा चोर नव्हती. मला आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण भूक माहीत होती. हेदवीला सासरी गेल्यापासून ती माझ्या घरी जेवलेली नाही. मी माफी मागत नाही, ती मागण्यासारखी नाही.

६. काल ओमकारने फोनवर सांगितलं की गंगाच्या वेदिकाचे पाय भरू लागलेत. बारा वर्षांची पोर. गंगा तिला एकवेळच जेवू घालते.

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. पाचवं कलम तोवर थांबणार नाही. साक्षीदारांनी सह्या भराभर कराव्यात. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मला जयगडहून तवसाळची फेरीबोट धरायची आहे. वेदिका आज पोटभर जेवली पाहिजे.

सही : सगुणा महिपत मयेकर
साक्षीदार : १. भिवा रामा पावसकर २. हेतल दीपेश सुर्वे
मालगुंड, दि. ७ फेब्रुवारी २०२५