जोडलेल्या गावातला मैलाखड्डा

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
मलनिःसारण उपविभाग, शुब्रा सनाबिल.

विषय : घरातील सांडपाणी गटाराच्या नळाला जोडून मिळणेबाबत, ते न जमल्यास मैला उपसण्याची गाडी मिळणेबाबत.

संदर्भ : मैलाखड्डा बुजवण्याविषयी माझे पती मेतवल्ली दसूकी यांच्या नावे आलेली आपली नोटीस.

महोदय,

मी, वगीदा शहात, राहणार कफ्र अबू-सिदरा, विनंतीपूर्वक कळवते की वरील नोटीस ज्यांच्या नावे आहे, ते माझे पती त्याच खड्ड्यात गुदमरून मरण पावले आहेत. सबब नोटीस मी स्वीकारली.

घटना अशी. भाताच्या खाचरांत पाणी सोडले की गावात जमिनीखालचे पाणी चढते आणि खड्डे उलटे वाहू लागतात. गेल्या हंगामात न्हाणीतून वर आलेले घाण पाणी भाकरीच्या भट्टीपर्यंत पोचले. मैला उपसणारा ट्रॅक्टरवाला येईना, कारण कालव्यात मैला ओतल्याबद्दल त्याचा ट्रॅक्टर जप्त झाला होता. तो दुसरीकडे कुठे ओतावा, हे त्यालाही कोणी सांगितले नव्हते. शेवटी पतींनी बादल्यांनी पाणी उपसले आणि तळाचा गाळ काढण्यास ते शिडीने उतरले. हाकेला ओ येईना म्हणून आमचे ख्रिस्ती शेजारी जादल्ला त्यांच्यामागे उतरले. दोघेही विषारी वायूने गेले. एकाच दुपारी मशिदीतून एक जनाजा निघाला आणि चर्चमधून एक शवपेटी.

मला लिहिता येत नाही. हा अर्ज जादल्ला यांची पत्नी तरीझा लिहून देत आहे. तिचा नवरा माझ्या नवऱ्यापायी गेला, हे वाक्य मला तिच्या तोंडावर सांगावे लागले. तिने ते लिहिले.

आमच्या दारासमोर गटाराचा नळ पुरलेला आहे, झाकणेही बसवली आहेत. परंतु पंपघरास वीज नाही, म्हणून पाणी पुढे जात नाही. याबाबत मी आपल्या कार्यालयात आले असता कारकून साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली व सांगितले, "बाई, नकाशावर तुमचं गाव जोडलेलं आहे. जोडलेल्या गावाला गाडी देता येत नाही, आणि खड्डाही ठेवता येत नाही." मग आमचे पाणी जाते कुठे, असे मी विचारले. त्यांनी नकाशावरून बोट फिरवत ते शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेऊन दाखवले.

आता खाचरांत पुन्हा पाणी सोडले आहे. न्हाणी तुंबली आहे. कपडे आम्ही धूतच नाही, आणि भांड्यांचे पाणी कालव्यावर न्यावे तर पहारेकरी अडवतो. घरात दोनच पुरुष आहेत : म्हातारे सासरे आणि लष्करातून सुटून आलेला मुलगा नस्र. सासरे म्हणतात, "मी उतरतो. माझं झालंय सगळं, पोराचं लग्न व्हायचंय." मुलगा त्यांना उतरू देत नाही, तो तोंडाला फडके बांधून स्वतःच निघतो. मी शिडी फोडून भट्टीत घातली. त्या आचेवरची भाकरी घरात कोणी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दुसरी शिडी मागून आणली. हे लिहीत असताना ती खड्ड्याशेजारी भिंतीला टेकवलेली आहे.

तरी पंपघर सुरू करावे, अन्यथा गाडी पाठवावी. दोन्ही नियमात बसत नसेल, तर खाली सासऱ्यांनी उतरावे की मुलाने, एवढे तरी आपल्या सहीने लेखी कळवावे. दोरी मी धरीन.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

वगीदा शहात
(डाव्या हाताचा अंगठा)
दि. ११ जून

सोबत : नोटीस, दोघांचे मृत्यूचे दाखले.