माझ्या सुरात आलेला तानपुरा

गुरुवार, संध्याकाळ

आज सिद्राम माझा तानपुरा परत देऊन गेला. सोबत स्वतःच्या लग्नाची पत्रिका. सोलापुरातल्या दर स्पर्धेत आम्ही एकमेकांना हरवायचं म्हणूनच गायलो. त्यातच जीव कधी जडला, हे दोघंही कधी बोललो नाही. मूर्ख मेले!

तानपुरा नेला की तो नेहमी त्याच्या खालच्या सुरातच परत आणायचा. मग माझं भांडण, त्याचं हसणं, आणि पुन्हा जुळवून द्यायच्या निमित्तानं तासभर बसणं.

आज तारा छेडल्या, तर माझ्याच सुरात.

"जुळवून आणलायस?"

"व्हय की. उगं तुला तरास नको."

इतका परका कधी झाला हा?

तो गेल्यावर मी खुंट्या सैल केल्या आणि तारा परत त्याच्या सुरात उतरवल्या.