न वाजलेली घंटी

आजी, मी आज तुझ्यावर चिडून लिहितो आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, एवढ्या जुन्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण मला गोष्टच मागच्या रविवारी कळली, त्याला मी काय करू? राग ताजा आहे.

आत्याला कानाची मशीन घेऊन दिली. तीच, तुझ्याजवळ बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. मशीन कानात बसवताना ती हसायलाच लागली. "काहून हसतेस वं आत्या?" म्हटलं, तर म्हणे, "हे तुह्या आजीले भेटली असती, त बुढीनं दहा वर्षं नाटक नसतं केलं." कसलं नाटक? ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुले माहीत नाही? तिले ऐकू कुठं येत होतं गा!"

हिंगण्याच्या कारखान्यांत लोक मला मशीनचा डॉक्टर म्हणतात. मी शेडच्या दारात उभा राहून डोळे मिटतो आणि सांगतो, बेअरिंग गेलं की बेल्ट घसरतो. हे कान तुझ्याकडून आले. आपल्या घरात दोन माग सोबत चालत आणि तू चुलीपाशी बसून ओरडायचीस, "तिकडच्या मागाचा तागा तुटला, पाहा!" तुटलेलाच असायचा. ती बाई बहिरी होते आणि या कानवाल्या नातवाला पत्ता नाही.

आता कळतं कसं लपलं ते. माग सुरू असले की आपल्याकडे कोणी आवाजानं बोलायचंच नाही. आजोबा मागावरून नुसत्या ओठांनी चहा मागायचे आणि तू हातानं सांगायचीस, दूध नाही. कोष्ट्याच्या घरात सगळेच अर्धे बहिरे असतात. तुझं पूर्ण बहिरेपण त्यात वरणातल्या मिठासारखं विरघळून गेलं.

पण मी चिडलो आहे तो त्या सकाळवरून.

तुझी पूजा म्हणजे आपल्या घरची कचेरी. रामटेकहून आणलेला रामाचा काचेचा फोटो, समोर तू, आरतीपर्यंत मौन. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं मागं येऊन बसायचं आणि बोलायचं. तू घंटी वाजवली तर हो. नाही वाजवली तर नाही, आणि पुन्हा विचारायचं नाही. बाबा एवढे तिरसट, तेही तिथे मांडी घालून बसायचे. काकाचं लग्न घंटीवर ठरलं, ताईची शाळा घंटीवर सुरू राहिली.

त्या सकाळी मी वीस वर्षांचा आहे. हिंगण्याला कंपनीत काम मिळालं आहे. आजोबांच्या बाजूचा माग माझ्या नावानं कधीचा ठरलेला, आणि माग सोडून जाणारा घरातला मी पहिला. तू कण्हेरीची फुलं वाहत होतीस. मी मागं बसून म्हटलं, "आजी, मी माग सोडून कंपनीत जाऊन राहिलो. जाऊ?" तू गंध उगाळलं. वात सारखी केली. दिवा लावला. घंटी तुझ्या गुडघ्याजवळ होती, आणि तुझा हात तिकडे गेला नाही. मी आरतीलाही थांबलो नाही. सायकलच्या कॅरियरला पेटी बांधली आणि गेलो.

त्यानंतर मी जे केलं ते त्या न वाजलेल्या घंटीला दाखवण्यासाठी केलं. दर कार्तिकी पौर्णिमेला तू रामटेकला गड चढायचीस आणि आत्याच्या हाती प्रसाद पाठवायचीस. मला वाटायचं, घंटी वाजवली नाही आणि वर प्रसाद, बुढी डिवचते आहे. स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हा तू आलीस, लेथला कुंकू लावलंस, म्हणालीस, "मोठा झाला गा माहा बापू." मी मशीनकडे तोंड करून म्हटलं, "कोणाले न इचारता झालो." तू हसलीस. कितीतरी वर्षं मी मित्रांना सांगत आलो, काय बाई होती, एवढा टोमणा हसून पचवला! पचवलास कुठला? तुला माझी पाठ तेवढी दिसली होती. मी तुझ्याशी शर्यत लावली आणि मैदानात तू नव्हतीसच. एकटा पळून पहिला आलो.

सांगायला काय झालं होतं तुला? मी आत्यावरच ओरडलो. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं तिले, सांगून दे सगळ्याईले. त म्हणे, मंग मले कोण इचारते वं?"

"मग ताईच्या लग्नाची घंटी कशी वाजली? तेव्हा तर कान गेलेच होते."

"रामाच्या फोटोत पाहे ना ते. काचीत मागच्याचं तोंड दिसे. ओठ वाचे अन् घंटी वाजवे."

"अन् मी विचारलं तेव्हा?"

"तू कधी इचारलं?" आत्या म्हणाली. "ते त म्हणे, पोट्टा आला, डोकं टेकून बसला अन् उठून गेला. जातो म्हणूनही सांगतलं नाही. लय दिवस लागलं होतं तिच्या मनाले."

म्हणजे तूही माझ्या शब्दासाठी थांबली होतीस. तू मला अबोल समजलीस आणि मी तुला. दोघांनी दहा वर्षं हसून प्रसाद दिला-घेतला. इतका संताप येतो आजी, की वाटतं जाऊन तुझ्या रामालाच विचारावं, देवा, तुझ्या काचेतून एवढा व्यवहार चालला, तर माझा एक शब्द तुला पुढे सरकवता आला नाही?

तो फोटो आता माझ्याकडे आहे. हे पत्र त्याच्या मागच्या पुठ्ठ्यात खोचणार होतो. फोटो काढायला समोर गेलो, तर काचेत माझंच म्हातारं तोंड दिसलं, आणि कागद खिशात तसाच राहिला. कारण तुला दोष देताना एक गोष्ट मी आत्यालाही सांगितली नाही. काचेत तोंड दिसतं हे मला माहीत होतं. लहानपणी मी तिथेच बसून तुला वाकुल्या दाखवायचो आणि मौन मोडू नये म्हणून तू ओठ दाबून धरायचीस. त्या सकाळी बोलताना मी मान खाली घातली ती रामासाठी नाही. मला तुझा चेहरा पाहायचा नव्हता.