उघाडीतला माझा हिस्सा

९ नोव्हेंबर, रविवार
गावात पाणथळ वाचवायच्या ट्रस्टची सभा. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या. नव्या शहरासाठी शेतं गेली, त्यातून खाडीकडची खाजणं, खाऱ्या जमिनीची भातशेतं, तेवढी सुटली. भात कधीच बंद झालंय, आता नुसतं पाणी उभं असतं आणि थंडीत पक्षी. केळकरांचं म्हणणं, ज्याने त्याने आपला तुकडा बक्षीसपत्राने ट्रस्टला द्यायचा. मग ते कुणालाच विकता येणार नाही, ना आपल्याला, ना आपल्या पोरांना. केळकर उलव्याच्या टॉवरमधले, रिटायर इंजिनिअर. मराठी पुस्तकी, पण माणूस खरा. चुलत्यांनी दिलं, भाऊबंदांनीही बऱ्याच जणांनी दिलं.
राहिला आमचा. दादाचा नि माझा. नेमका मधला. भरतीचं पाणी आत घेणारं दार, उघाडी, आमच्याच बांधात. ते मिटलं की सगळ्यांचं दान कोरडं.
सगळे दादाकडे बघत होते. तो म्हणाला, ‘बगू.’ दादा बघू म्हणतो तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं.

१३ नोव्हें.
बघून झालंच होतं. कंपनीत असताना दादाचा फोन. द्रोणागिरीतल्या कुठल्या गोदामवाल्याला भराव करून जागा पाहिजे. बाबांमागे सातबाऱ्यावर माझंही नाव चढलं, म्हणून माझी हक्कसोड हवी.
‘उरनला येऊन सही करून जा. अर्ध्या दिवसाचा काम हाय.’
मी म्हटलं, मी ट्रस्टला द्यायचं म्हणतेय.
तो म्हणाला, ‘तू बोलतंस? पोरींचा काय हिस्सा असतो काय आपल्यात?’
मी फोन ठेवला नाही. त्यानेच ठेवला.

१६ नोव्हें., रवि.
गेले होते. वहिनीने चहा दिला, माझ्याकडे बघितलं नाही. दादा ओट्यावर. कंबरेचा पट्टा बांधलेला, त्याला आता उठता-बसता येत नाही नीट. हे लिहायला पाहिजे, कारण रागात मी ते विसरते.
म्हणाला, ‘माजी शेती गेली तवा कोनी सभा घेतली नाय. कोन साहेब दुर्बीन घेऊन नाय आला. आता मना सांगतात, बगळ्यांसाठी ठेव. तू वाशीला बिल्डिंगीत रावतस. तुना पानी बगायला बरा वाटतं.’
तो बोलला त्यात खोटं काही नाही.
तरी सही नाही म्हटलं. त्याच उघाडीवर बाबांनी आम्हा दोघांना पोहायला शिकवलं, असं काहीतरी बोलणार होते, पण वहिनी आतून म्हणाली, ‘जेवून जातंस काय?’ अशा आवाजात की मी निघाले.

३० नोव्हें.
केळकरांचा मेसेज, फोटोसकट. उघाडीचं दार पाडून समोर दगडमाती ओतलीय. दोन डंपर.
नवऱ्याला, अविला, दाखवलं. म्हणाला, ‘भाऊच हाय का बघ आधी.’ अजून कोण असणार.

१ डिसें.
पोलीस ठाणं. साहेबांनी तक्रार निम्मी वाचली. ‘आरोपी कोण? सख्खा भाऊ? मॅडम, घरातलं घरात मिटवा ना.’ मी म्हटलं, खाडी घरात येत नाही. त्यांना विनोद वाटला.
केळकर बरोबर होते. ट्रस्टचा वकील देतो म्हणाले. वाटपाचा दावा टाकायचा, माझा हिस्सा वेगळा झाला की तो ट्रस्टला, तोपर्यंत भरावाला मनाई मागायची. दावा कुंदा विरुद्ध महादेव. वकिलाने नावं विचारली तेव्हा आमची दोघांची नावं एका दमात सांगितली. शाळेत दाखल करताना आई सांगायची तशी.

२२ डिसें.
मनाई मिळाली. केळकरांनी पेढे आणले. मी एक घेतला, खाल्ला नाही. दादा कोर्टात समोरच्या बाकावर होता. जाताना त्याला जिना उतरता येईना. मी पुढे झाले तर त्याने हात असा झटकला की लोक बघायला लागले.
भराव उपसायला ट्रस्टची माणसं लागली. दार परत बसवलं.

११ जाने., रवि.
पाणी आलं. खाजणात घोट्याएवढं, दूरवर चकचकीत. रोहित पक्षी उतरलेत, गुलाबी ठिपके नुसते. उलव्याहून, नेरूळहून गाड्या आल्या होत्या. मोठ्या लेन्सवाले. गावातलं कुणीच नाही. चुलत्यांच्या घरासमोरून गेले, काकांनी पेपर वर धरला. ज्यांनी स्वतः जमीन दिली ते काका.
जानूकाकी तेवढी भेटली. ती बांधाला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते, लहानपणापासून बघतेय तिला. ‘पानी आनलास, बरा केलास,’ म्हणाली. दोन चिंबोऱ्या पिशवीत टाकल्या. या महिन्यात माझ्याशी चांगलं बोललेलं पहिलं माणूस.

२ फेब्रु.
प्रतीक्षाचं लग्न ठरलं. दादाची धाकटी. हे मला व्हॉट्सॲपवरून कळलं, तेही चुलत बहिणीच्या स्टेटसवर. आत्या मी एकटीच आहे तिला.

८ फेब्रु.
दादाचा फोन. एवढंच बोलला: ‘हळदीला ये. पन सही करून ये. नायतर नको येव.’
अवि म्हणतो, करून टाक, पाण्यापायी माणसं तोडतात का. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, नको करूस. त्यालाही कळत नाही. साताऱ्याकडचा माणूस, खाडीच्या चिखलाचं त्याला काय.

२० फेब्रु.
हळद आज. गेले नाही. कंपनीत थांबले, मशीनची रीडिंग दोनदा घेतली, दोनदा चुकली. संध्याकाळी तुर्भे स्टेशनबाहेर कुणाच्या तरी वरातीचा बॅन्जो वाजत होता. आमच्याकडे आत्या पहिली हळद लावते. प्रतीक्षाला कुणी लावली असेल? चुलत बहिणीने लावली असेल. तिला नीट

(पुढे लिहिलं नाही तेव्हा. राहू दे तसंच.)

१५ मार्च, रवि.
ट्रस्टची सभा. या वेळी शाळेत नाही, उलव्याच्या क्लबहाउसमध्ये. एसी. गावचे आले तिघेच, ते मागे उभे. आता देणगीदार सभासद जास्त आहेत, जमीन देणारे कमी.
ठराव: ट्रस्टला मिळालेल्या बांधाला कुंपण, गेट, वॉचमन. लाकडी चालरस्ता, पक्षी बघायला मचाण. आणि आत मासेमारी, चिंबोरी, सगळं बंद. पक्ष्यांना त्रास होतो.
मी उठून म्हटलं, बायका पिढ्यान्‌पिढ्या धरतायत, तरी पक्षी येतायतच ना?
केळकर शांतपणे म्हणाले, ‘कुंदाताई, एकाला सोडलं की शंभर येतील. मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम.’ खरंच वाईट वाटत होतं त्यांना. त्याचाच जास्त राग आला.
हात वर झाले. विरोधात मी आणि मागचे तिघे. तिघांपैकी एक काका. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं त्यांनी.

५ एप्रिल
वॉचमनने जानूकाकीचं जाळं काढून घेतलं. बिहारचा मुलगा, त्याला सांगितलेलं काम त्याने केलं. मी पोचले तेव्हा काकी गेटबाहेर दगडावर बसलेली.
‘तुज्या भावाने जमीन इकली असती तरी पानी गेलाच असता,’ ती म्हणाली. ‘पन तवा मी तुला शिव्या तरी दिल्या नसत्या.’
जाळं सोडवून दिलं. केळकरांना फोन करून मी ओरडले. ते म्हणाले, आपण शांतपणे भेटू.

६ एप्रिल
दादाचा फोन, हळदीनंतर पहिलाच. बातमी पोचली होती.
‘मी इकनार व्हतो तवा मी चोर. त्यांनी टाला लावला, ते कोन?’
तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. हसू शकला असता.

१९ एप्रिल
भेटलो शांतपणे, वाशीच्या हॉटेलात. मी म्हटलं, माझा हिस्सा देते, पण बक्षीसपत्रात लिहा की गावच्या माणसांचा मासे-चिंबोऱ्यांचा हक्क कायम राहील. केळकर म्हणाले, अटी घातल्या तर विश्वस्त मान्य करणार नाहीत, नंतर विचार करू. बघू.
तेही ‘बघू’ म्हणाले.
आणि मग, चमचा बशीत ठेवत: तुमची सही झाली नाही, तर ट्रस्टने वकील किती काळ द्यायचा? म्हणजे वकील गेला की दावा पडणार, मनाई जाणार. मनाई गेली की डंपर. स्पष्ट बोलले नाहीत. बिल त्यांनी भरलं.

९ मे, शनि.
दुपारी बेल. दारात वहिनी. एकटी, एनएमएमटीच्या बसने आलेली, घामाने भिजलेली. सहा महिन्यांनी बघत होते. पाणी दिलं. पंख्याखाली बसून पदराने घाम पुसला. प्रतीक्षाला दिवस गेलेत म्हणाली. मग लग्नाची साडी काढून दिली पिशवीतून, आत्याच्या मानाची. फेब्रुवारीपासून कपाटात ठेवलेली.
मला रडू आलं. तिला नाही.
म्हणाली, ‘माज्या भावांनी माजी सही घेतली तवा मना कोनी इचारला पन नाय. कागद म्होरं केला, मी केली. माहेरी आज जाते ती पावनी म्हनून. तू नको करू.’
मी म्हटलं, मग ट्रस्टला देऊ?
‘त्यांना पन नको. सही केलीस का तुला पन गेटाच्या भाईर ठेवतील.’
मग दावा जाईल गं, म्हटलं. भराव होईल. तुझाच नवरा करेल.
ती चहा प्यायली, कप विसळून ठेवला. मी नको म्हणत होते तरी. दारात चपला घालताना म्हणाली, ‘मी आलेलू ता त्याला सांगू नको.’

१० मे
साडी अंजिरी रंगाची. नेसून बघितली. अविने विचारलं, कुठे निघालीस.

११ मे, सोम.
केळकरांनी उद्या अकराला रजिस्ट्रारकडे बोलावलंय. कागद तयार आहे, अट त्यात नाही. सकाळी दादाचाही निरोप, त्याचाही कागद तयार आहे, परवापर्यंत थांबतो म्हणाला.
कंपनीत उद्याची रजा टाकलीय. जाणार हे नक्की. केळकरांच्या समोर उभी राहून सगळ्यात आधी काय बोलायचं ते जुळवत बसलेय, पण वाक्य ‘मी माझा हिस्सा’ इथपर्यंत येतं. पुढे ‘देते’ लिहिते, खोडते, ‘ठेवते’ लिहिते आणि